तीन मिनिटांचे गाणे

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेला वाद होतो. निवृत्तीला आलेल्या बाईंना एखादे भावगीत बसवायचे असते. चाळिशीतल्या सरांना कॅसेटच्या जमान्यातले गाणे हवे असते. मुलांनी तर मोबाइलवर ऐकून आपले गाणे आधीच ठरवलेले असते. चाल वेगळी, वाद्ये वेगळी, पन्नास वर्षांचे अंतर. पण कार्यक्रमपत्रिका लिहिणारे शिक्षक कोणालाही न विचारता प्रत्येक गाण्यापुढे ‘४ मि.’ लिहून मोकळे होतात, आणि सहसा ते चुकत नाहीत.

हे विचित्र नाही का? गोंधळ रात्रभर चालतो. भजनाची बारी कधी संपेल ते भजनकऱ्यालाही माहीत नसते. बालगंधर्व रंगमंचावर एकेका पदाला ‘वन्समोअर’ घेत, तेव्हा प्रेक्षक घड्याळ पाहत नसत. मग लोकप्रिय गाण्यालाच हे तीन-चार मिनिटांचे कुंपण कोणी घातले? संगीतशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर शोधून उपयोग नाही. ते आहे पदार्थविज्ञानात, किंबहुना नववी-दहावीच्या भूमितीत.

गाणे ज्या साधनातून आपल्या कानापर्यंत येते, ते साधन गाण्याची लांबी ठरवते, गाणाऱ्याचा आवाज कसा असावा हेही ठरवते आणि कोणाचे गाणे ‘लोकप्रिय’ म्हणून मोजले जाईल हेसुद्धा. तिन्ही गोष्टी पडताळून पाहायला नागपूर आणि विदर्भ हे फार चांगले ठिकाण आहे. का, ते पुढे येईलच.

तबकडीचे गणित

जुन्या काळी घराघरांत असलेली ग्रामोफोनची तबकडी दहा इंची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची असे. मिनिटाला ७८ फेरे. तिच्यावर बाहेरून आत जाणारी एकच सलग नागमोडी खाच असते. (मुलांना विचारा, तबकडीच्या एका बाजूवर खाचा किती? बहुतेक जण ‘शेकडो’ म्हणतील. खरे उत्तर ‘एक’.) बाहेरच्या कडेला थोडी आणि मध्ये लेबलासाठी बरीच जागा सोडली तर ध्वनीसाठी साधारण १२ सेंटिमीटर त्रिज्येपासून ५ सेंटिमीटर त्रिज्येपर्यंतचा, म्हणजे ७ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा उरतो. एका सेंटिमीटरात खाचेचे साधारण ४० वेढे बसतात.

आता फळ्यावर मांडा. ७ × ४० = २८० वेढे. मिनिटाला ७८ फेरे, म्हणून २८० ÷ ७८ = सुमारे ३.६ मिनिटे. झाले! ज्याला आपण रसिकांची आवड समजत होतो, तो एक भागाकार निघाला.

त्याच आकड्यांवरून खाचेची लांबी काढता येते. सरासरी त्रिज्या ८.५ सेंटिमीटर, म्हणून सरासरी वेढा सुमारे ५३ सेंटिमीटरचा, आणि असे २८० वेढे म्हणजे जवळजवळ १५० मीटर. सुईने तीन-साडेतीन मिनिटांत दीडशे मीटर चालायचे.

हुशार विद्यार्थी लगेच विचारेल, तबकडी हळू फिरवली तर? किंवा वेढे आणखी जवळजवळ कोरले तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या कडेला फक्त ४१. म्हणजे सेकंदाला ५,००० कंपनांचा बारीक स्वर बाहेर ०.२ मिलिमीटर लांबीच्या लाटेत कोरला जातो, तर आत ०.०८ मिलिमीटरच्या लाटेत. जाड पोलादी सुईला एवढे बारीक वळण घेता येत नाही. वेग आणखी कमी केला असता तर गाण्याच्या शेवटाकडे सगळा चिरकेपणा हरवून नुसता घुमारा उरला असता. वेढे जवळ आणावेत तर दुसरी अडचण येते. आवाज जितका मोठा, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त डुलते, आणि शेजारच्या वेढ्याची भिंत फुटते. त्यात तबकडीचा माल भरड.

हा माल कशाचा, ते सांगायलाच हवे. लाखेचा. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका किड्याचा स्राव. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग भारतातून जाई, आणि त्यातला बराचसा छोटा नागपूरच्या पठारावरून. (ते नागपूर आपले नव्हे, हे नकाशात दाखवावे. मुलांचा नेहमी घोटाळा होतो.) आपल्या पूर्व विदर्भातही पळसावर लाख घेतली जाते. जगभरच्या गवयांचे आवाज पळसावरच्या एका किड्याच्या जिवावर पन्नास वर्षे फिरत होते, ही गोष्ट सातवीच्या वर्गालाही आवडते.

भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाले आणि गौहर जान त्यात गायल्या. ख्याल-ठुमरीची तासभराची बैठक तीन मिनिटांत आवळायची होती. त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगतात. तो मिजास नव्हता. मुद्रण जर्मनीतल्या कारखान्यात छापायला जाई, आणि तिथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

सुरुवातीला मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या हवेच्या धक्क्यानेच सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. साहजिकच कर्ण्याला पेलणारा, टिपेचा, खणखणीत आवाज चाले. हळवा, कुजबुजता आवाज खाचेत उमटतच नसे. १९२५ साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे बारीक आवाजालाही जोर मिळाला. गाणारा आता तुमच्या शेजारी बसून बोलल्यासारखे गाऊ लागला. अमेरिकेत याच सुमारास हळू गुणगुणणाऱ्या गायकांची लाट आली. आपल्याकडे आले ते भावगीत.

भावगीताच्या जन्माची कथा विदर्भातूनच जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायिली आणि ती घरोघर पोचली. जोशी शिक्षणाने वकील, पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. नाट्यपदाचा थाट नाही, मैफिलीची तान नाही, साधे शब्द, मोजकी वाद्ये. ध्रुवपद आणि तीन-चार कडवी हा भावगीताचा साचाही तबकडीत मावणारा होता. कवितेची कडवी त्याहून जास्त असली तर ती कापायची, हा संगीतकाराचा रोजचा उद्योग झाला. कवींना ते आवडत असेल असे वाटत नाही.

गझलेला मात्र ही कात्री फारशी बोचली नाही, कारण गझलेचा प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो. सात शेरांतले चार घेतले तरी गझल लंगडी होत नाही. अमरावतीत वाढलेले आणि पुढे नागपूरकर झालेले सुरेश भट यांच्या गझला ‘उंबरठा’ (१९८२) सारख्या चित्रपटांतून आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून महाराष्ट्रभर गेल्या, त्यात भटांची प्रतिभा आणि चालींचा गोडवा हे आहेच. पण हा प्रकार तबकडीच्या मापात आपोआप बसणारा होता, हेही विसरू नये.

आणखी एक नागपूरकर म्हणजे राजा बढे. त्यांचे महाराष्ट्रगीत श्रीनिवास खळे यांच्या चालीत शाहीर साबळे यांनी गायिले आणि २०२३ साली ते राज्यगीत झाले. राज्यगीत म्हणून त्याची दोनच कडवी घेतली आहेत आणि ती पावणेदोन मिनिटांच्या आत संपतात. इथे मर्यादा तबकडीची नाही, उभ्याने म्हणायच्या समारंभाची आहे. साधन बदलले की लांबी बदलते, ती अशी.

१९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, बारीक खाचेची, प्लॅस्टिकची तबकडी आली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ. म्हणजे तीन मिनिटांची सक्ती तांत्रिकदृष्ट्या तेव्हाच संपली होती. पण गाणे काही लांबले नाही. एका गाण्याची छोटी तबकडी विकली जात राहिली, नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्रांना छोटेच गाणे हवे होते, आणि मुख्य म्हणजे कान तयार झाले होते. बीटल्सचे ‘हे ज्यूड’ १९६८ साली सात मिनिटांहून लांब निघाले, तर ती जगभर बातमी झाली. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या इतक्या उशिरापर्यंत निघत की खुद्द बीटल्सची सुरुवातीची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली गेली. संग्राहक आज ती शोधत असतात.

आकाशातून येणारे गाणे

तबकडीचे बंधन सुटले तर काय होते, याचा आपल्याकडचा उत्तम पुरावा म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित केली. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. ती रेडिओसाठी लिहिली होती, तबकडीसाठी नव्हे. म्हणून माडगूळकरांना कडवी मोजावी लागली नाहीत. आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची गीतेही लोकांनी पाठ केली. तेव्हा ‘लोकांना लांब गाणे सोसत नाही’ असे कोणी म्हटले तर गीतरामायणाकडे बोट दाखवावे.

हिंदी चित्रपटगीतांची गोष्ट निराळी झाली. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे हे मंत्री शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ जागा उरली नाही. लोकांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती.

नकाशावर पाहा. नागपूर आणि कोलंबो जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने सरळ रेषेत जाणारी लहर इतक्या दूर पोचू शकत नाही. पण लघुलहरी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात शिरतात, तिथून वाकून परत खाली येतात आणि दूरवर उतरतात. आयनांबर सतत हेलकावत असते, म्हणून सिलोनचे गाणे मध्येच मोठे व्हायचे, मध्येच बुडायचे. त्या पिढीच्या आठवणीत गाण्याबरोबर हा हेलकावाही मुरला आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी गीतमालेकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. लोकप्रियता ‘मोजण्याचा’ हा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयोग होता. गाण्यांना पायऱ्या मिळत. आधी श्रोत्यांची पत्रे मोजली जात, पुढे निवडक दुकानांतली तबकड्यांची विक्री आणि श्रोता-संघांची मते जमेस धरली गेली. बिहारातले (आताच्या झारखंडातले) झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे छोटे गाव फर्माईशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. त्या गावाला संगीताचे वेड इतरांपेक्षा शंभरपट होते, असा निष्कर्ष काढायचा का? नाही. पत्र लिहिणारे लोक तिथे जास्त होते, एवढेच सिद्ध होते. ज्याला लिहिता येत नाही, ज्याच्याजवळ रेडिओ नाही, तो या मोजणीत शून्य. शिवाय ही माला हिंदी चित्रपटगीतांची होती, म्हणजे मराठी गाणे कितीही गाजले तरी तिच्यात त्याचा गुण शून्यच. नमुना निवडतानाच उत्तर ठरून जाते, ते असे. संख्याशास्त्राच्या धड्याला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून गेलेले श्रोते परत बोलावले. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली, ती देशात प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. आता गाणे दोन जाहिरातींच्या मध्ये बसवायचे होते. तीन मिनिटांना पुन्हा एक नवे कारण मिळाले.

नागपूरचा रेडिओशी आणखी एक नाते आहे, ते भूगोलामुळे. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली, तिचे १,००० किलोवॅटचे प्रक्षेपक नागपूरजवळ होते आणि ती रात्रीच चाले. देशाच्या मध्यभागी एकच मोठा दिवा ठेवून सगळीकडे उजेड पाडावा, तशी ही कल्पना. रात्रीच का? मध्यमलहरी दिवसा आयनांबराच्या सर्वांत खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून दूर जातात. ही वाहिनी २०१९ साली बंद झाली. तिची वारंवारता १,५६६ किलोहर्ट्झ होती, नागपूर केंद्राची ५८५, पुण्याची ७९२, मुंबईची १,०४४. हे चारही आकडे फळ्यावर लिहून मुलांना त्यांतले साम्य शोधू द्या. अंकांची बेरीज केली की उलगडेल. सगळे नऊच्या पटीत आहेत, कारण आपल्या भागात मध्यमलहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर मांडलेली आहेत.

याच नऊच्या अंतरामुळे मध्यमलहरीवर साधारण साडेचार-पाच हजार कंपनांपलीकडचे स्वर मावत नाहीत. झांजेचा किणकिणाट, बासरीची फुंकर पुसट होते, माणसाचा आवाज मात्र निभावतो. वाद्ये मागे आणि गळा पुढे, अशी त्या काळची गाणी या फटीतून सहज पार होणारी होती.

दीक्षाभूमीवरच्या कॅसेटी

फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली. आपल्याकडे ती सर्रास झाली १९८० च्या दशकात. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे अर्ध्या तासाला सुमारे ८६ मीटर. तबकडीच्या खाचेशी तुलना करा. तिथे एका मिनिटाला जवळजवळ ४२ मीटर लागत, इथे तीन मीटरसुद्धा नाही. पण खरा फरक लांबीचा नव्हता. तबकडी छापायला कारखाना लागतो, साचा लागतो, हजारो प्रती खपण्याची हमी लागते. कॅसेटची नक्कल दोन यंत्रे शेजारी ठेवून कोणालाही काढता येते. कारखानदाराची परवानगी लागत नाही.

याचा अर्थ काय, ते नागपुरात दीक्षाभूमीवर दिसले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे येतात, आणि परतताना पुस्तके, मूर्ती आणि गाणी घेऊन जातात. भीमगीते त्याआधीही होतीच. जलशांतून, गायन पार्ट्यांतून, रात्र-रात्र चालणाऱ्या सामन्यांतून ती गायिली जात. काही तबकड्यांवरही आली. पण वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवीने लिहिलेली हजारो गाणी कोणता कारखाना छापणार होता? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि गावोगाव गात फिरला. कॅसेट आल्यावर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी गायकांचे आवाज स्टॉलवरून वस्त्यांत, एस.टी. स्टँडवर, वरातीत पोचले. ज्यांना गीतमालेत पायरी नव्हती, त्या गाण्यांना अचानक श्रोतृवर्ग मिळाला असे नव्हे. श्रोतृवर्ग आधीपासून होता, मोजणाऱ्याला तो दिसत नव्हता.

म्हणूनच ‘दशकातील सर्वाधिक लोकप्रिय गाणी’ अशी यादी छापून आली की पहिला प्रश्न ‘कोणती?’ हा नसावा, ‘कशाने मोजली?’ हा असावा. आज गाणी इंटरनेटवरून ऐकली जातात आणि प्रत्येक ऐकणे मोजले जाते, पण तिथेही नियम आहेत. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणे ‘ऐकले’ असे धरत नाहीत. मग सुरुवातीचा वाद्यमेळ आखडून पहिल्या अर्ध्या मिनिटातच ध्रुवपद गाठण्याचा मोह संगीतकाराला होणारच. खाचेची जागा मोजपट्टीने घेतली.

कॅसेटींबद्दल एक काम मात्र तातडीचे आहे, आणि ते शाळा करू शकतात. मोठ्या कंपन्यांच्या मूळ प्रती कुठे ना कुठे जपलेल्या आहेत. स्थानिक गायन पार्ट्यांच्या, गावातल्या शाहिरांच्या कॅसेटींची मूळ प्रत बहुधा एखाद्या घरातल्या कपाटात आहे, तीही एकच. दमट हवेत फितीवर बुरशी चढते, नागपूरच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक वाकते, फितीमागचा छोटा नमद्याचा तुकडा निसटतो. मुलांना अशा कॅसेटी घरोघरी शोधायला सांगा. मालकाची परवानगी घ्या. वाजवण्याआधी मागच्या कडेवरच्या दोन छोट्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. स्पीकर आणि मोटारीपासून दूर ठेवा, त्यांत चुंबक असते. नक्कल संगणकावर उतरवताना गायकाचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि गाण्याची लांबी मिनिट-सेकंदांत वहीत नोंदवा. लांबीचा रकाना सोडू नका. तीन मिनिटांच्या पुढची किती गाणी निघतात, ते पाहण्यासारखे असेल.